ट्रेलरवरून आलेलं घर

राहुरी, १४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
हेमूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पुन्हा कागद-पेन.

घर आलं! फॅक्टरीतून, दोन ट्रेलरवर, दारं-खिडक्यांसकट. क्रेनने उचलून सिमेंटच्या आठ ठोकळ्यांवर ठेवलं, बोल्ट आवळले आणि संध्याकाळी मी आत चहा केला. शेजारचा सहादेव बघून म्हणाला, की मास्तर, हे साइटवरचं हापिस हाय का राहायचं घर? हसू दे. जागा आमच्या चिरंजीवांच्या, केदारच्या नावावर असली तरी घर मी माझ्या मनासारखं निवडलंय. पूर्वेची खोली तुझी, खिडकीतून मुळेचा कालवा दिसतो. भाऊजी गेल्यापासून पुतण्याकडे एका खोलीत दिवस काढलेस. आता ये.

लोभ आहेच, मुक्कामही इथेच असावा.
तुझा हेमू

संगमनेर, २ डिसेंबर २०२४

चि. हेमचंद्र यास अनेक आशीर्वाद.

पत्रातला फोटो पाहिला. अरे, नाशिक-पुणे रस्त्याच्या कामावर मजूर राहायचे, ते पत्र्याचे डबे आठवतात ना? त्यांनाच रंग दिलाय! शहात्तराव्या वर्षी दमयंतीबाई डब्यात राहायला गेल्या, असं गल्लीभर होईल. इथे मला कुणी जा म्हणत नाही, तेव्हा घाई कशाला?

आणि वास्तुशांतीचं काय? आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरल्याशिवाय आपल्याकडे नव्या घरात कुणी राहिलेलं नाही. अप्पांनी भिक्षुकी करून गावभर वास्तू पुरल्या आणि त्यांचा मुलगा ठोकळ्यांवर संसार मांडतोय. आधी ते कर, मग बघू.

रागावू नकोस, माया तीच आहे.
ताई

राहुरी, २० जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

वास्तुशांत झाली. गंमत ऐक. गुरुजींनी आग्नेय कोपरा पाहिला आणि फरशी उकरायला पहार मागितली. फरशी कुठली! फळी, तिच्याखाली लोखंड, आणि त्याखाली हातभर मोकळी हवा. गुरुजी म्हणाले, फळीलाच चिकटवा. मी ऐकतोय होय? मी आणि सहादेव घराखाली पोटावर सरपटत गेलो, मातीत खड्डा केला आणि रीतीप्रमाणे प्रतिमा तांब्याच्या डबीत पालथी ठेवून पुरली. गुरुजी बाहेरून मंत्र म्हणत होते. ही वास्तू घराची नव्हे, जमिनीची झाली, असं कुरकुरलेही.

आता लोकांची तऱ्हा बघ. हसले तेच फॅक्टरीचा पत्ता विचारतात. परवा एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून गेलं. सहादेव म्हणतो, लई भारी हाय, पोराला आसंच घिऊ.

तुझी अट पाळली, आता ये ना. संध्याकाळी हे दोन खोल्यांचं घरसुद्धा फार मोठं वाटतं.

वाट पाहणारा,
हेमू

संगमनेर, २५ मार्च २०२५

चि. हेमूस आशीर्वाद.

पुतण्याच्या अनीशचं लग्न ठरलं. माझी खोली त्याला हवी, म्हणून माझी कॉट गॅलरीत आली. जा असं अजूनही कुणी म्हटलेलं नाही. ते माझं मला कळलं.

अनीशच्या रुचाला तुझ्या घराचा फोटो दाखवला. ती म्हणाली, आजी, तुम्ही नशीबवान, आम्हाला अगदी असंच घ्यायचंय. मला लाजच वाटली. चार महिने मी लोकांच्या तोंडाकडे बघत बसले. अक्षय्य तृतीयेला येते. ट्रंक भरून ठेवली आहे.

कालव्याकडची खिडकी पुसून ठेव.
तुझी ताई

पुणे, २२ एप्रिल २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

येऊ नकोस. केदारने जागा विकली. घरही विकलं, भंडारदऱ्याकडे कुणी रिसॉर्ट काढतंय त्याला. केदार म्हणाला, बाबा, विटांचं असतं तर पाडावं लागलं असतं, याला आता केवढी मागणी आहे! चांगली बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला. कागद त्याचे, मी काय बोलणार? बोल्ट काढले, क्रेन आली, दुपारच्या जेवणाआधी घर रस्त्याला लागलं. तुझ्या खिडकीचा पडदा तसाच लावलेला होता.

मी केदारकडे सहाव्या मजल्यावर आहे, हॉलमधल्या सोफ्यावर. गडबडीत वास्तू उकरायची राहून गेली. माझं चुकलं, ताई.

क्षमा असावी.
हेमू

संगमनेर, २ मे २०२५

चि. हेमूस अनेक आशीर्वाद.

ठरल्या दिवशी मी एसटीने राहुरीला गेले. ट्रंक मात्र नेली नाही. सहादेवने मोटारसायकलवरून जागेवर पोचवलं. आठ ठोकळे आहेत, बाकी काही नाही. आग्नेयेचा ठोकळा त्यानेच दाखवला. खणताना विचारत होता, मास्तर आता न्हाई येनार व्हय?

चूक तुझी नाही. डिसेंबरातच आले असते, तर दोघा म्हाताऱ्यांना उठवणं केदारला जड गेलं असतं. एकट्याला उठवणं सोपं असतं, हे मला गॅलरीत कळलं. मी अटी घालत बसले.

डबी आणली आहे. पातळात गुंडाळून ट्रंकेत ठेवली, पालथीच. ट्रंक अजून भरलेलीच आहे.

सोफ्यावर पाय आखडत असतील, पायाशी स्टूल ओढून घेत जा. लोभ ठेव, आता तेवढाच ठिकाणा आहे.
तुझी ताई