सुपातले तांदूळ

भाट्ये, रत्नागिरी
दि. १४ नोव्हेंबर २०२५

चिरंजीव अजू यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

पाकिटावर तुझं नाव दीपालीकडून ठळक लिहून घेतलंय. मागल्या खेपेला एक चप्पल तुझी आणि एक माझी घालून पुण्याला गेलास, तेव्हा स्वतःचं नाव तरी लक्षात असेल याचा मला भरवसा नाही. पत्र तुलाच आहे. वाच.

इकडे बरं आहे. सुपाऱ्या सोलायला घेतल्यात. गुडघा मधूनमधून संप करतो. दीपाली शेजारधर्म म्हणून लिहून देते. मी बोलते त्यातलं अर्धं तिला पटत नाही, तरी लिहिते बिचारी.

आता गाण्यांचं. दर आठवड्याला तिच्या फोनवर तू गाणं धाडतोस, हे ऐकच म्हणून, आणि कसं वाटलं ते मी कळवायचं. ते सुरुवातीचं इंग्रजी, ज्यात चौघं एकदम ओरडतात, ते अजून माझ्याकडे पहिलं आहे. भाषा कळली नाही, पण रापण ओढताना सगळे एका दमात जाळं खेचतात ना, तसं होतं. मी त्याला रापणीचं गाणंच म्हणते. तुझ्या ऑफिसात कुणी खचलेला असेल तर त्याला ऐकव. आणि ते घाईचं, गिटार करवतीसारखी चालते ते, नारळ खवताना चांगलं. पोहे परतताना लावू नये, करपतात. ही दोन्ही ऐकलेली आहेत हो, खरीखुरी ऐकलेली.

मी फोन घेत नाही म्हणून रुसलायस, असं कळलं. फोन बिघडलाय.

नाही बिघडला. दीपाली लिहायची थांबून माझ्याकडे बघत बसली, म्हणून सांगते. गणपतीपासून माझे कान गेले. उजवा आधीच थकला होता, आता डावाही. डॉक्टरांनी यंत्र लावून बघितलं, तर भांडी तेवढी आदळतात, माणसं कुठेतरी विहिरीत बोलल्यासारखी. दीपाली डाव्या कानाशी येऊन ओरडते तेव्हा चार शब्द पोचतात. बाकी सगळ्याला मी हो हो म्हणते. हो म्हणून म्हणून फार दमायला होतं रे.

मग गणपतीनंतरची गाणी कशी ऐकली, विचारशील. तू दिलेला तो डबीएवढा स्पीकर पाटावर ठेवते, त्यावर सूप टेकवते, सुपात मूठभर तांदूळ. ढोल वाजला की दाणे उडतात, गिटारीला नुसते थरथरतात. जास्त उडाले तर झकास, कमी उडाले तर बरं आहे, असं कळवत गेले. तू खूश व्हायचास. मग तुझं मन मोडवेना.

परवा तुझं स्वतःचं गाणं आलं. निरोप होता, आजी, तू चांगलं म्हणालीस तरच बाहेर काढीन, बँडमधली मंडळी तुझ्या उत्तरासाठी थांबलीत. मी सूप मांडलं. दाणे असे नाचले की चार माझ्या मांडीवर आले. तुमच्यात ढोल वाजवणारी ती मनस्वी, तिला सांग, हात जड आहे तिचा. मग एकदम सगळं निवलं. मला वाटलं, संपलं. सूप उचलून तांदूळ डब्यात ओतायला निघाले, तर दीपालीने मनगट धरलं. कानाशी येऊन ओरडली, "आजी, थांबा. आता तो एकटा गातोय."

सूप परत ठेवलं. वाकून बघत बसले. एक दाणा हलला नाही.

नंतर शब्द तिच्याकडून कानात ओरडून घेतले. शब्द चांगले आहेत. पण हिच्या तोंडी आरतीसुद्धा भांडणासारखी वाटते, त्यावरून तुझा गळा कसा ठरवू? बघ, हेही तिने लिहिलं.

झकास कळवून टाकणं सोपं होतं. बाकीच्यांच्या गाण्यांना कळवलं, तुझ्या गाण्याला कळवणार नाही. चांगलं की वाईट मला माहीत नाही, आणि आता कळायचंही नाही. माझ्याकडे तुझा आवाज आहे तो पडवीत अभ्यास सोडून गुणगुणायचास तेव्हाचा, मिसरूडही फुटलं नव्हतं. त्यावर आजचं गाणं तोलू नये. तेव्हा माझ्या शब्दासाठी अडून राहू नकोस, मेल्या. ज्यांना ऐकू येतं त्यांच्यापुढे गाणं काढ.

पत्र वाचून धावत यायची गरज नाही. पार्सल मात्र धाड. बाकरवडी धाड, चांगली कडक, बंद पाकिटातली. इथल्या खाऱ्या हवेत सगळं मऊ पडतं. दात अजून माझेच आहेत. चावताना डोक्यात कडाकडा वाजतं, तेवढं मला नीट ऐकू येतं.

तुझी
आजी