माझी शिफारस, माझ्याच हातची

मंगळवार, ४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, खोकला गेला. बाबांचा उजवा हात कसा आहे? चेंडू दाबायचा व्यायाम दिवसातून दोनदा करून घे. (हो, उंटावरून शेळ्या हाकतेय, माहीत आहे मला.) फोन सोडून पत्र कशाला, असं वाटलं असेल. फोनवर तू बाबांच्या गोळ्यांचं बोलायला लागतेस आणि मी वेळ मारून नेते, म्हणून.

आधी एक गंमत. सरांकडे शिफारसपत्र मागायला गेले होते. सर म्हणजे आमच्या बियाणे प्रयोगशाळेचे प्रमुख. ते मान वर न करता म्हणाले, "तूच लिहून आण. मी सही करतो." इथे सगळ्यांचं असंच चालतं म्हणे. आपणच आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि सरांनी खाली शिडी धरायची.

बसले लिहायला. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या आणि किती उगवल्या ते मोजायचं, हे माझं काम. त्र्याण्णव म्हणजे त्र्याण्णव, त्यात 'अतिशय' कुठे बसवणार? स्वतःला 'असामान्य बुद्धिमत्तेची' म्हणताना मला घाम फुटला. पहिला मसुदा लग्नाच्या जाहिरातीसारखा झाला. दुसरा इतका नम्र झाला की मीच मला घेतलं नसतं. उठले, भांडी घासली. पुन्हा बसले. पुन्हा उठले, खिडक्या पुसल्या. घरमालकीणबाई दारातून म्हणाल्या, "कोणी पाहुणे यायचेत का गं?"

शिफारसपत्र कशासाठी, ते लिहायचं राहिलंच. राहिलं कसलं, मी टाळतेय. परदेशात बियाणं जपून ठेवणारी एक मोठी संस्था आहे. तिथे तीन वर्षांचं काम आहे.

तीन वर्षं, ताई. मी निघाले त्या सकाळी स्वयंपाकघरात आपलं ठरलं होतं. दोन वर्षं मी शिकणार, मग मी बाबांजवळ राहणार आणि तू नकाशा कार्यालयात नोकरीला जाणार. तुझी रेखाटनं बघून त्यांनी तुला आपण होऊन बोलावलं होतं. "थोडंच राहिलंय, थोडंच राहिलंय" करत माझ्या दोनाची तीन झाली. तू एकदाही विचारलं नाहीस, कधी येतेस म्हणून. विचारलं असतंस तर खोटं तरी बोलले असते.

शिफारसपत्राच्या नमुन्यात चौथा प्रश्न होता, 'उमेदवार दिलेला शब्द पाळतो का?' सरांच्या वतीने मी लिहिलं, 'नेहमीच.' खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. शेवटी स्वतःचाच राग येऊन लिहून टाकलं, 'कामात पाळते. घरी नाही. आजारी वडिलांची जबाबदारी दोन वर्षांनी घेईन, असं तिने थोरल्या बहिणीला सांगितलं होतं. ती अजून घेतलेली नाही.' आणि तोच कागद नेऊन सरांपुढे ठेवला. सर चिडतील, कागद भिरकावतील, म्हणजे माझं जाणं परस्पर बारगळेल, असा माझा भित्रा बेत होता.

सर सहीआधी काही वाचत नाहीत अशी त्यांची ख्याती. पण त्या दिवशी पेन घेऊन वाचत बसले. 'असामान्य' खोडलं. 'अद्वितीय' खोडलं. 'कष्टाळू' राहू दिलं. चौथ्या प्रश्नापाशी थांबले.

"बहीण काय म्हणते?"

"तिला अजून सांगितलं नाही, सर."

"म्हणजे तिच्याआधी मला कळलं."

एवढं बोलून त्यांनी सही केली आणि पुढची फाइल ओढली. मी जिन्यात बराच वेळ नुसती वर-खाली करत होते. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. काल बिया मोजताना तीनदा चुकले. हे पत्रही अर्धं ओट्यापाशी उभी राहून लिहिलंय.

आता तुला वाटेल, ही परवानगी मागतेय. नाही गं. अर्ज आज सकाळी गेला, त्या उत्तरासकट. मला जायचंय, ताई. बाबांसाठी जीव तुटतो, तुझ्यापुढे मान वर करवत नाही, आणि तरीही जायचंय. तुला विचारलं असतं तर तू "जा गं" म्हणाली असतीस, आणि ते ऐकून मी मोकळी झाले असते. म्हणून विचारलं नाही.

निवड झाली तर सप्टेंबरात निघायचं, नाही झाली तर घरीच. काहीही झालं तरी पंधरा तारखेला मी येतेय. इथलं काम या आठवड्यात संपतं. बाबांना कसं उठवायचं, अंघोळ कशी घालायची, ते पहिल्या दिवशी दाखव आणि दुसऱ्या दिवशी तू नीघ. नकाशा कार्यालयात मी फोन केला होता. तुझी जागा भरली. जूनमध्ये दुसरी निघणार आहे, पण चाचणी नव्याने द्यावी लागेल, तिच्या तयारीला तू आत्ताच जा. सप्टेंबरनंतर बाबांचं काय, ते मला अजून सुचलेलं नाही, आणि माझ्या सहा महिन्यांनी तुझी तीन वर्षं भरून येत नाहीत, एवढं मोजणं मला येतं.

एकच मागते. 'असू दे गं' असं लिहू नकोस. इतकी वर्षं तू माझ्यावर एकदाही चिडली नाहीस. आता चीड. पानभर बोल मला, दोन पानं बोल.

तुझ्या रागाची वाट बघणारी,
तुझी धाकटी