आठवी ओळ

२ जानेवारी १९५७, बुधवार

काम मिळालं! शाळेच्या नव्या खोलीवर दगड बसणार. लढाईवर गेलेल्या निघोज्याच्या सात जणांची नावं. अक्षरं मी आखायची, पाथरवटानं खोदायची. सरपंच दौलतराव चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "दुकानाच्या पाट्या रंगवतोस तसं न्हाई हां सयाजी. ही पाटी पुसून पुन्हा लिहिता येत न्हाई." मराठी सहावीत शाळा सुटलेल्याला पंचायतीनं दगडावर लिहायला सांगावं! घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती.

मग यादी नीट वाचली. पुण्याच्या कचेरीतून आलेली, शिक्क्याची. पहिलं नाव दौलतरावांचंच. तिसरं — कोंडाजी भैरू येळवंडे. माझे वडील.

ते लढाईवर कधी गेलेच नाहीत.

३ जानेवारी

एकदा लिहूनच ठेवतो. गावात सगळ्यांना माहीत आहे, फक्त सरकारला नाही.

सन एक्केचाळीसला चाकणला भरती आली. दोघे भाऊ गेले. वडील पास झाले. चिमाजीकाकांची छाती एक इंच कमी भरली, त्यांना परत पाठवलं. वडिलांना बेळगावला हजर व्हायला दहा दिवसांची मुदत होती. सातव्या दिवशी ते तापानं गेले. मी चार वर्षांचा. घरात आई आणि मी, आणि त्या साली शेतात काही पिकलं नव्हतं. दहाव्या दिवशी काका वडिलांचे कागद घेऊन बेळगावला उभे राहिले. जाण्याआधी पोलीस पाटलाच्या दप्तरात मयताची नोंद करून गेले, ती स्वतःच्या नावाची! "मेला त्यो चिमाजी," असं सांगून.

पाच वर्षांनी इटलीहून परत आले. आता पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात दरवान आहेत. तिथंही कोंडाजी. पलटणीचे कागद बघूनच त्यांनी घेतलं.

म्हणजे दगडावर, जो गेला नाही त्याचं नाव येणार. जो गेला त्याचं नाही.

४ जानेवारी

यादीतली सातही नावं चार वेळा ताडून पाहिली. कुठंही चूक नाही. तेच तर!

६ जानेवारी, रविवार

काकांना आज सुटी. सायकलची चेन पुसत बसले होते. विचारलं, "काका, दगडावर तुमचं नाव कोणतं घालू?"

"यादीत हाय त्येच."

"पण ते तुमचं नाही."

"पाच वर्सं त्या नावानं बूट घातलं, त्या नावानं शिव्या खाल्ल्या. आता का काढू?"

आई चुलीपासून ओरडली, "सयाजी, गप ऱ्हा! भावजींची नोकरी घालवशील."

आईला तर दोन्हीकडून अडचण. वडिलांचं नाव ती घेत नाही. मागं एकदा निरोप घेऊन कारखान्यावर गेली. फाटकावरचा दुसरा दरवान म्हणाला, "कोण पाहिजे, बाई?" नवऱ्याचं नाव तोंडातून निघेना, आणि दिराच्या नावाचा माणूस तिथं नाही! दोन तास उन्हात उभी. काका ही गोष्ट नेहमी हसून सांगतात. आज मी आठवण काढली तर हसले नाहीत.

९ जानेवारी

चाकणला रंग आणायला गेलो आणि रहिमानचाचांच्या सायकल दुकानावर बसलो. ते काकांच्याच पलटणीतले. यादीची गोष्ट सांगितली. पंक्चर काढता काढता बोलत राहिले —

"बेळगावला पहिली हजेरी. हवालदार ओरडला, कोंडाजी! तुझा काका खांबासारखा उभा. पुन्हा ओरडला, कोंडाजी! तरी गप. पाठीवर वाळूचं पोतं अन् मैदानाला वीस फेऱ्या. मी म्हटलं, बहिरा हायस का रे? तर म्हणतो, भाऊ आठवला." चाचांनी ट्यूब पाण्यात बुडवली. "पाच वर्सं रोज सकाळी मेलेल्या भावाला हजर करायचा, बेटा."

मग पायजमा वर करून मांडीवरचा व्रण दाखवला. इटलीत एका नदीत गोळी लागली होती. पाणी बर्फासारखं. काकांनी त्यांना पाठीवर घेऊन पैलतीराला आणलं. "एक इंच छाती कमी म्हणे! मोजणाऱ्याला आण म्हणावं माझ्यापुढं. अन् शाबासकी कुणाला मिळाली? साहेबानं सगळ्यांसमोर पुकारलं, शाबास कोंडाजी!"

हे काकांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं. येताना सायकल चालवत नव्हतो, मिरवत होतो.

१० जानेवारी

आखायला बसलो. दोन नावं झाली. तिसऱ्यापाशी हात थांबतो.

१३ जानेवारी, रविवार

दौलतरावांकडे जाऊन आलो. रहिमानचाचांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ऐकून तरी घेतील वाटलं होतं.

"सयाजी, शिक्क्याच्या यादीबाहेर एक अक्षर न्हाई!"

"पण दादा, काका खरंच गेले होते. गावाला माहीत आहे."

"गावाला माहीत हाय ते गावात ऱ्हाऊ दे. सव्वीस तारखेला पुण्याचा मेजरसाहेब येतोय. त्याच्यापुढं निघालं तर तुझ्या काकाची नोकरी जाईल, वर खटला. अन् एकाचं उकरलंस की समद्यांचं उकरावं लागंल. जा."

बोलले त्यात खोटं काही नाही. पण इतकं चिडण्यासारखं काय होतं?

१४ जानेवारी, संक्रांत

आई म्हणाली, "तिळगूळ घे अन् ते डोक्यातनं काढ." तिळगूळ घेतला.

१७ जानेवारी

ठरवलं. यादीतलं एकही नाव हलवायचं नाही. कोंडाजीही राहील — वडिलांनी भरतीत नाव दिलं होतं, ते काही खोटं नाही. पण खाली आणखी एक ओळ. पट्टीनं मोजून पाहिलं. प्रत्येक दोन ओळींमधलं अंतर अर्धं बोट कमी केलं की आठवी बसते. पाचदा मोजलं.

पाथरवट आला. "दौलतराव सात म्हणालं हुतं."

"आठ आहेत."

"मला काय! लिहायचं पाप तुझं, ठोकायचं काम माझं."

काकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पुसायला लावलं असतं.

२० जानेवारी

खोदून झालं. चिमाजी भैरू येळवंडे. बोटानं एकेक अक्षर चाचपलं. कुठं टवका उडालेला नाही. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही!

वर पोतं गुंडाळलं. मग भीती वाटायला लागली. काकांना हातकड्या घालून नेताहेत असं दिसत राहतं. दुपारी भाकरी गेली नाही.

२५ जानेवारी

उद्या.

२६ जानेवारी, शनिवार

सगळं क्रमानं लिहितो. काही सुटायला नको.

सकाळी आईनं कपाळाला कुंकू लावलं. सरकारी माणूस गावात यायचा असला की ती लावते, कारण कागदावर नवरा जिवंत आहे. तो गेला की पुसते. आज माझ्याकडं बघितलंही नाही.

माजी सैनिक रांगेत उभे. दौलतराव पुढं, कोटावर लढाईचे तीन बिल्ले. काका तिसरे, कारखान्याच्या खाकी कपड्यात. मेजरसाहेबांनी कापड ओढलं. टाळ्या. साहेब खिशातून यादी काढून एकेक नाव मोठ्यानं वाचू लागले. कोंडाजी म्हटल्यावर काका एक पाऊल पुढं आले. सात झाली. साहेबांनी चष्मा सारखा केला.

"आठवा? चिमाजी भैरू येळवंडे. हा माझ्याकडं नाही. कोण हा?"

टाळ्या थांबल्या. दौलतरावांचा चेहरा पांढराफटक. काकांनी मान वळवून दगडाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पुढं होऊन सांगणार होतो की चूक माझी.

तेवढ्यात म्हातारे पोलीस पाटील दत्तोबा काठी टेकत पुढं आले. "त्यो वारला, साहेब. सन एक्केचाळीस. दप्तरात नोंद हाय. दाखवू?"

"लढाईच्या साली?"

"व्हय की."

गावातला एकही माणूस हसला नाही, एकही खोकला नाही. साहेबांनी टोपी काढून काखेत धरली. म्हणाले, "मग बाकीच्या सातांच्या आधी मान याचा. कोंडाजी, तुमचा भाऊ?"

"जी, साहेब."

"हुकूम तुम्ही द्या."

आणि काकांनी हुकूम दिला! असा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. "सावधान!" झाडावरचे कावळे उडाले. सात जणांनी सलाम केला. दौलतरावांचा हात सगळ्यात उशिरा वर गेला. दोन मिनिटं सगळं गाव उभं. काका ताठ, नजर दगडावर, स्वतःच्या नावाला सलाम करून. बायकांत आईनं पदर तोंडात धरला होता. चाकणहून आलेले रहिमानचाचा मागं उभे होते. त्यांनी डोळे पुसले आणि उगाच म्हणाले, "धूळ लई हाय इथं."

नोकरी राहिली. नाव राहिलं. मी रडलो, हे इथंच लिहितो.

२७ जानेवारी

काका आज सकाळी एकटेच शाळेवर जाऊन आले. आल्यावर माझ्या डोक्यात एक टपली मारली.

"काय भ्या वाटलं न्हाई व्हय रं, गाढवा?"

"वाटलं."

"हं." चहा बशीत ओतला. "मेल्यावर कोण किती उभं ऱ्हातंय, कुणाला ठावं. आपलं डोळ्यांदेखत झालं!"

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं विचारलं, नदीतून कुणाला पाठीवर घेतलं होतं म्हणे? काका लाजले! खरंच लाजले. पण सांगितलं. पहिल्यांदाच घरात सगळं सांगितलं, दुपार होईपर्यंत.

२९ जानेवारी

सकाळी दौलतराव आले. एकटे. दार लोटून घेतलं. तिन्ही बिल्ले रुमालात बांधून आणले होते. म्हणाले, त्यांच्या वडिलांनी भरतीच्या साहेबाला मुलगा द्यायचा शब्द दिला आणि दौलतरावांना मात्र खानदेशात मामाकडं लपवलं. मामानं त्याच्या मळ्यावरचा एक गडी दौलतरावांच्या नावानं लढाईवर धाडला. चार वर्षांनी तो परत आला. कागद नि बिल्ले हातात दिले, भाकरी खाल्ली अन् गेला. मामाही आता नाही.

"नववी ओळ बसंल का रं?"

मी पट्टी आणि पेन्सिल घेतली. म्हटलं, नाव सांगा.

त्यांनी रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"ईचारलंच न्हाई."