दुधीची पाठ

चिंचपोकळी, १० जून २०२४

चि. श्रेयास अ. उ. आ.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. रत्नागिरीची बँक मानवली ना? तू माझ्या हवाली केलेला डॅशहंड कुत्रा मजेत आहे. दुधी नाव अगदी शोभतं ग, लांबलचक अंग आणि खाली बोटभर पाय! मेला हट्टी किती! हाक मारली की आधी विचार करतो, मग आला तर येतो.

पण मी त्याला वठणीवर आणलाय. आरती लागली की मागच्या दोन पायांवर उभा राहून पुढचे जोडतो, अख्खी आरती संपेपर्यंत! सगळा मजला बघायला जमतो, जो तो पेढा भरवतो. तिन्ही जिने एकटा चढतो हो.

तुझी शेवंतीआत्या

रत्नागिरी, १५ जून

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हसले, आणि लगेच लिहायला बसले. तुझ्या शेजारच्या प्रितीला आत्ताच फोन करून निरोप देते, पण लिहिलेलं हाताशी असू दे. या जातीची पाठ लांब, पाय आखूड, सगळा भार कण्यावर. दोन पायांवर उभं राहणं, जिने, पलंगावरून उड्या, वाढलेलं वजन, यांनी मणक्यातली गादी सरकते. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पेढे बंद! रागावू नकोस.

तुझी श्रेया

चिंचपोकळी, २० जून

चि. श्रेयास आशीर्वाद.

प्रितीने निरोप दिला त्याच सकाळी दुधी उठला नाही. मागचे पाय ओढतच राहिला. डॉक्टर म्हणाले, गादी सरकली. औषधं, आणि सहा आठवडे पिंजऱ्यात पडून राहायचं. पुन्हा चालेल की नाही, आज सांगता येत नाही म्हणाले.

देवापुढे कौतुक करून घेतलं मी, आणि भोगतोय तो मुका जीव. कोंडीराम सुताराने पिंजरा करून दिला, त्याला लागूनच मी खाली अंथरूण टाकते. तुला त्याला न्यायचा असेल तर ने. मी तोंड वर करून बोलणार नाही.

तुझी अपराधी आत्या

रत्नागिरी, २६ जून

ती. आत्यास शि. सा. न.

दोन दिवस तुझा खूप राग आला, खोटं कशाला सांगू? मग आठवलं, निघताना मी तुला त्याच्या जेवणाची यादी लिहून दिली, पाठीबद्दल एक अक्षर नाही. चूक माझीही. दुधी तुझ्याकडेच राहील. तू जेवतेस ना वेळेवर?

तुझीच श्रेया

चिंचपोकळी, ९ ऑगस्ट

चि. श्रेयास अनेक अनेक आशीर्वाद.

अग, चालला! झोकांड्या खात, पण पाण्याच्या भांड्यापर्यंत स्वतःच्या पायांनी गेला. मी ढसाढसा रडले. तो पाणी प्यायला आणि माझ्यावरच भुंकला.

आता जिना जन्मभर बंद. त्याला उचलून तीन मजले करायला माझे गुडघे ऐकणार नाहीत. तळमजल्यावरच्या कौसल्येला वारा हवाच होता, तिच्याशी खोली बदलून घेतली. लग्न होऊन आले तेव्हापासून बेचाळीस वर्षं वर काढली, भांडी उतरवताना जीव तुटला ग. इथे ओल आहे, कलकलाट आहे. असू दे.

खालचा उंबरा उंच होता, तो कोंडीरामाकडून तासून जमिनीसारखा सपाट करून घेतला. उंबऱ्याला कोणी रंधा लावतं का, म्हणून बायका नावं ठेवतायत. ठेवू देत. दुधी दिवसातून दहा वेळा आत-बाहेर करतो, मला न विचारता.

लोभ आहेच तुझा, अधूनमधून रागही धाडत जा.

तुझी शेवंतीआत्या
(आता खोली ३, तळमजला)