दूध नसलेलं जेवण

३ मार्च, मंगळवार

भिंगरीने आज मला नासक्या दुधाच्या दुकानात नेलं — निदान मला तरी तसंच वाटलं. भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी बसेल तर शपथ. हल्ली तिचं नवीन निघालंय, दूध नको, अंडं नको, मांस नको, पावाला लोणीसुद्धा नको. "जनावराचं काहीच खायचं नाही आजी." तिची आई, म्हणजे माझी सून, कपाळाला हात लावून बसलीये. मी म्हटलं, चल बाई, बघू तरी तू काय चरतेस ते.

दुकान लाँड्रीला चिकटून, एका खिडकीएवढं. वर पाटी. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यात चष्मा घरी. अक्षर अक्षर लावून वाचलं — दूध नासलेले, अंडे नासलेले, मांस नासलेले जेवण मिळेल. फक्त पार्सल. म्हटलं, दुकानदार निदान खरं तरी बोलतोय. पण पोरीबाळींना असलं खाऊ घालतात म्हणजे काय! मी तिचा हात धरून मागे ओढायला लागले. भिंगरी हसता हसता फुटपाथवर बसली. "आजी, काना कुठून आणलास? नसलेले! न-स-ले-ले!" खिडकीतली बाई पण तोंडावर फडकं धरून हसत होती. एका कान्याने केवढा घोटाळा.

मशरूमचा बर्गर घेतला. आत बसायची सोय नाही, बाहेर एक बाक आहे त्यावर बसलो. बर्गर एवढा उंच की तोंडात जाईना. दोन्ही हातांनी दाबला तर सॉस मागून मांडीवर. पण चव — काय सांगू. मी बोटं चाटली. भिंगरी म्हणाली, आजी, लोक बघतायत. बघू देत की, त्यांनाही भूक लागेल.

याला व्हेगन म्हणतात म्हणे. मी आपली दिवसभर वॅगन वॅगन म्हणत होते. मालगाडीत बसल्यासारखं.

४ मार्च, बुधवार

जेवताना मुलाला सांगितलं, काल काय खाल्लं ते. तो म्हणाला, "आई, या वयात गवत खायला लागलीस?" म्हटलं, गवत खाणारी जनावरं बघ, गुडघे धरून बसलेली दिसतात का कुठे? सून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. तिच्या डोक्याला सध्या फार ताप आहे.

कारण मुलाची बदली झालीये. विमानाने जायचं, एवढं लांब, बर्फाच्या देशात. तो, सून आणि भिंगरी. माझे कागद होत नाहीत, वयामुळे. परवा सून स्वयंपाकघरात त्याला सांगत होती, "फ्रिज विकू, कपाट तुझ्या मित्राकडे ठेवू. पण आईंना कुठे ठेवायचं ते आधी ठरव." सून वाईट नाही हो. माझ्या गोळ्या मला आठवत नाहीत, तिला आठवतात. पण ऐकायला कसं वाटलं! फ्रिज, कपाट, आई.

७ मार्च, शनिवार

मुलाने जागा दाखवायला नेलं. म्हाताऱ्या माणसांची राहायची जागा. बाग चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. तिथल्या बाई गोड बोलतात, जरा जास्तच गोड बोलतात. "आज्जी, इथे सगळं वेळेवर!" घंटा झाली की चहा, घंटा झाली की जेवण, घंटा झाली की दिवे बंद. तिथे एक आजोबा घंटा व्हायच्या आधीच चमचा धरून बसले होते. मी विचारलं, आज काय आहे जेवायला? म्हणाले, "जे असेल ते."

मुलगा गाडीत म्हणाला, "आई, तुला आवडली ना? खरं सांग." त्याचा चेहरा लहानपणी काचेची बरणी फोडल्यावर व्हायचा तसा. मी म्हटलं, बाग छान आहे. म्हणजे खोटं बोलले नाही.

१० मार्च, मंगळवार

आज तर गंमतच झाली!

भिंगरीला परीक्षा, म्हणून एकटीच गेले दुकानात. चष्मा लावून गेले. मसुराचं सूप मागितलं. खिडकीतली बाई म्हणाली, नाव काय लिहू? म्हटलं, आजी लिही. सगळे तेच म्हणतात. थोड्या वेळाने तिने हाक मारली, "आजी, सूप!" मी पिशवीला हात घातला तर पलीकडून आणखी एक हात. इस्त्री केलेली बाही, मनगटावर घड्याळ. बघते तर विहीणबाई!

सुनेची आई. शाळेत शिक्षिका होत्या, अजूनही बोट वर करूनच बोलतात. आमच्या मागच्या गल्लीत स्वतःचं घर, एकट्याच असतात. एवढ्या जवळ राहून आमचं बोलणं म्हणजे "बरं आहे ना" आणि "चला, निघते". का ते लिहूनच टाकते. मुलाच्या लग्नात मी हौसेने कस्टर्ड केलं होतं, चांगलं दोन मोठी पातेली. विहीणबाईंनी पहिला चमचा तोंडात घातला आणि भर पाहुण्यांत म्हणाल्या, "दूध नासलंय." लोकांनी पटापट वाट्या खाली ठेवल्या. दोन्ही पातेली तशीच राहिली. तेव्हापासून आम्ही दोघी पण तशाच राहिलो.

तर त्या म्हणाल्या, "ही पिशवी माझी आहे."

"तुमची कशी? मी आजी सांगितलं."

"मीही आजीच सांगितलं."

खिडकीतली बाई म्हणाली, "अहो, मला वाटलं एकच आजी दोनदा सांगतेय. आजी लोक सांगतात तसं. मी एकच सूप केलं." आणि मसूर संपलेले.

मग काय करता. एक वाटी, दोन चमचे, एक बाक. वाटी माझ्या मांडीवर, कारण त्यांचे कपडे इस्त्रीचे. मी विचारलं, तुम्ही इथे कशा? म्हणाल्या, "मला दूध पचत नाही. डॉक्टरांनी बंद केलंय. नातीने ही जागा सांगितली."

मी संधी सोडते काय! म्हटलं, "बघा, म्हणजे त्या वेळी माझं दूध चांगलं होतं. तुमचं पोट बिघडलेलं होतं."

"दूध नासलंच होतं. वासावरून कळतं."

"नव्हतं."

"होतं."

"बरं, इथे दूध नाहीच, तर नासणार काय? खा."

तेव्हा हसल्या. दात दाखवून हसल्या. मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. जाताना बोट वर करून म्हणाल्या, "दर मंगळवारी इथे मसुराचं सूप असतं." हे बोलावणं होतं की नुसती माहिती, कळलं नाही.

११ मार्च, बुधवार

बोलावणं होतं. मी ठरवलंय.

१७ मार्च, मंगळवार

त्या माझ्या आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या. शेजारी पर्स ठेवून माझी जागा धरली होती, आणि एक माणूस बसायला आला तर त्याला म्हणाल्या, "इथे माझी विहीण बसणार आहे." तो बिचारा उभ्यानेच खायला लागला.

आज सूपानंतर काजूच्या चीजचा पिझ्झा. चीज आहे, पण ताणलं जात नाही. मी घास वर वर नेला, हात उंच केला, काही नाही. विहीणबाई म्हणाल्या, "खाताय की पतंग उडवताय?" त्यांना एवढी थट्टा येते हे मला माहीतच नव्हतं. त्या बदामाचं दूध प्यायल्या. मी म्हटलं, बदामाला नेमकं कुठे धरून पिळतात? त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, भिजवणं, वाटणं, गाळणं. शाळेतल्यासारखं. शेवटी म्हणाल्या, "समजलं?" म्हटलं, समजलं बाई, पण गाय बरी. उभी तरी राहते.

मग त्या हळूच म्हणाल्या, "आपण इथे भेटतो ते घरी सांगू नका. उगाच बातमी होईल." मला फार मजा वाटली. या वयात चोरून भेटायचं म्हणजे!

१८ मार्च, बुधवार

सुनेने माझ्या पिशवीतून पिझ्झ्याचा डबा काढला. "आई, यात दोन चमचे कसे?" म्हटलं, एक खाली पडला म्हणून दुसरा घेतला. "आणि पिझ्झा चमच्याने खाल्लात?" खोकला काढला.

त्यांची जायची तारीख ठरली. माझीही. त्यांच्या विमानाआधी मला बागेच्या जागेत पोचवणार, म्हणजे त्यांचा जीव टांगणीला लागणार नाही. मी हो म्हटलं. मुलाने मला मिठी मारली, आणि किती वेळ सोडलंच नाही. एवढ्या मोठ्या माणसाला मी पाठीवर थोपटत होते. म्हटलं, अरे, चहा उतू जाईल.

२४ मार्च, मंगळवार

विहीणबाई आज भांडल्या. सुरुवात किती छान झाली होती. नारळाचं आइस्क्रीम घेतलं, दोघींना दोन कप, आता खिडकीतली बाई आम्हाला "मोठी आजी" आणि "शाळेची आजी" म्हणून वेगवेगळी हाक मारते. मोठी मी. वयाने नाही, घेराने.

बोलता बोलता मी सांगितलं, पुढच्या मंगळवारी मला यायला जमणार नाही. त्या दिवशी मी तिकडे राहायला जाणार. त्यांना वाटत होतं मी मुलाबरोबर विमानाने चाललेय. लेकीने त्यांना काही सांगितलेलं दिसत नाही — आईसमोर सासूचा विषय काढायचा नाही, ही तिची जुनी सवय. कस्टर्डपासूनची.

"तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणाले."

"तुम्हाला जायचंय तिथे?"

मी म्हटलं, बाग छान आहे.

"मी बागेचं विचारलं नाही."

मग मी सगळं सांगितलं. घंटा सांगितली. चमचा धरून बसलेले आजोबा सांगितले. हसत हसतच सांगत होते, पण मध्येच आवाज कसातरी झाला आणि मी आइस्क्रीमचा मोठा घास घेतला, म्हणजे थंडीने झालं असं वाटावं. जायचं नाही मला तिथे. हे इथे लिहितेय, मुलाला सांगणार नाही. तो आयुष्यभर मागे वळून बघत बसेल.

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "तुम्ही अगदी मूर्ख बाई आहात," म्हणाल्या, आणि पर्स उचलून चालू लागल्या. तरातरा. अर्धं आइस्क्रीम बाकावर वितळत राहिलं. शेवटी मीच खाल्लं. टाकवेना.

२८ मार्च, शनिवार

विहीणबाईंना फोन केला. उचलला नाही. पुन्हा नासलं वाटतं.

३० मार्च, सोमवार

बॅग भरली. माझं सामान किती थोडं निघालं! सून सारखी काहीतरी आणून आत कोंबत होती — शाल, आणखी एक शाल, पायाला लावायचं तेल, नवीन चपला. मी म्हटलं, अगं, मी बागेत चाललेय, बर्फात तू चाललीयेस. तेव्हा ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आल्या दिवसापासून कधी असं केलं नव्हतं. मी तिच्या केसांतून हात फिरवला. केस पिकायला लागलेत पोरीचे.

भिंगरीने मला मोबाईलवर दुकानातून घरपोच कसं मागवायचं ते शिकवलं. "आजी, तिथेही येईल बर्गर. फक्त पत्ता बदलायचा." मी विचारलं, घंटेच्या आधी येईल का? ती म्हणाली, "आजी, मस्करी करू नकोस ना," आणि बाथरूममध्ये जाऊन बसली. बराच वेळ नळ सुरू होता.

विहीणबाई आल्या नाहीत. त्या येणार का, असं मी दोनदा विचारलं. सुनेने विचारलं, "माझी आई तुम्हाला भेटायला येईल असं तुम्हाला का वाटतंय?" म्हटलं, नाही गं, सहज.

उद्या लवकर उठायचं.

३१ मार्च, मंगळवार

मुलगा बॅग गाडीत ठेवत होता तेवढ्यात टॅक्सी थांबली. विहीणबाई उतरल्या, बॅगेसाठी मागच्या गल्लीतून टॅक्सी केलेली. नखांना पिवळा रंग लागलेला, बाही चुरगळलेली. "जावईबापू, ती बॅग इकडे द्या. मागची खोली रंगवून घ्यायला आठवडा गेला. वास येतोय अजून, पण खिडकी मोठी आहे." मग माझ्याकडे बोट करून, "तुम्ही आता बाग छान आहे म्हणू नका."

मी सरळ टॅक्सीत जाऊन बसले.

तर आज मी सुनेच्या माहेरी राहायला आले. सून मागोमाग आली, दारात उभी राहिली, डोळे पुसले, आणि म्हणाली, "म्हणजे आता माहेरी आले तरी सासू आहेच!"