घाटावरचा नाका

बाबा, मी डोंगरावर जाऊन आले. बुलढाण्याच्या नाही, पार जपानातल्या. हाकोने नाव त्या गावाचं. लेकानं तिकडं नोकरी धरली, त्यानं नेलं. तुम्ही म्हणाला असतात, "कायले पाह्यजे एवढं दूर?" पाहिजे होतं मला. आता ऐका, मधात बोलू नका. न बोलायची तुम्हाला सवय आहेच.

गाव आपल्या बुलढाण्याच्याच वळणाचं. खाली उकाडा, घाट चढला की गार वारा. हवा चांगली म्हणून तिथंही साहेब लोक उन्हाळ्याला यायचे, त्यांच्या राजानंही वाडा बांधलेला. जमिनीतूनच कढत पाणी निघतं. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं आणि मग त्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून राहायचं. मी राहिले. गुडघे दुखायचे थांबले. समोर मोठं तळं, काठानं जुनी उंच झाडं, आणि आभाळ मोकळं असलं तर पलीकडं बर्फाचा डोंगर दिसतो. मला दोन दिवस दिसला नाही, तिसऱ्या दिवशी दिसला. लोक ह्याच्यासाठीच येतात. मी मात्र अडकले ती नाक्यापाशी.

पूर्वी राजधानीतून निघणारा मोठा रस्ता ह्याच घाटातून जायचा आणि तळ्याच्या काठी सरकारी नाका होता. सरदारांच्या बायका राजधानीत अडकवून ठेवलेल्या. त्यांतली कुणी निसटू नये म्हणून परवानगीशिवाय एकाही बाईला घाट ओलांडू देत नसत. झडती घ्यायला पुन्हा बाईच. तिथं आता पुतळे मांडलेत. एक म्हातारी एका बाईचे केस सोडून बघते आहे. लेक फोटो काढत होता. मी म्हटलं, "हे तर आपल्या घरचंच आहे." त्याला काय कळणार.

तुम्हाला कळेल. आपलं महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं आणि बुलढाण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागला होता. तुम्ही नाही म्हणालात, तरी आईनं पेटी भरून दिली. आपल्या गावच्या, धामणगावच्या स्टँडवर तुम्ही चूपचाप एसटीत चढलात आणि माझ्या शेजारी बसलात. मला वाटलं, सोडायला येतात. काय येडी होते मी. घाटाच्या पायथ्याशी ड्रायव्हर गाडीत पाणी घालायला थांबला, तुम्ही पेटी उचललीत. "उतर."

"काऊन?"

"काऊन म्हणून इचारू नको. घाटावर गेलेली पोरगी हातात राहत नाही."

कंडक्टर बिचारा म्हणाला, "दादा, तिकीट त बुलढाण्याचं हाय पोरीचं." तुम्ही त्याच्याकडं पाहिलंही नाही. सगळी गाडी बघत होती. घरी आल्यावर आत्यानं माझी पेटी उपसली, मग वेणी सोडून केसांत बोटं घातली. "कोण्या पोट्ट्याची चिठ्ठी-बिठ्ठी असन त पाहू दे." निघाल्या चार काळ्या पिना. तुम्ही दारात पाठ करून उभे होता. बाबा, मी शिकायला निघाले होते, पळून जायला नाही. तुमचा राग मला तेव्हाही आला होता आणि आजही येतो, मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात तरी.

पुढच्या सोमवारी मी पेटीच घेतली नाही. अंगावरच्या लुगड्यानिशी निघाले. पेटी नाही तर उतरवणार काय? तुम्ही स्टँडवर उभे होता, चढला नाहीत. "गेली त मेली समजीन," एवढंच म्हणालात. मी गेले. तुमच्या नाकावर टिच्चून गेले. शब्दाचे तुम्ही पक्के, पुन्हा माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. माझं ट्रेनिंग संपायच्या आधी गेलातसुद्धा.

त्या गावात डोंगराच्या पोटातून गंधकाची वाफ निघते. तिथल्या पाण्यात अंडी उकडतात, कवच कोळशासारखं काळं होतं. एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं म्हणे. मी एक खाल्लं. मग दुसरं तुमच्या नावानं खाल्लं. तुमच्या गळ्यात माळ होती, ठाऊक आहे. भोगा आता.

सात वर्षं आणखी मिळाली असती, तर धामणगावच्याच शाळेत मी बाई म्हणून आले ते तुम्ही पाहिलं असतं. तुमच्या मित्रांच्या नाती माझ्या वर्गात बसल्या. वावरातून मिरची घेऊन येताना शाळेवरूनच तुमचा रस्ता होता. तुम्ही हरलेले मला बघायचे होते, म्हणून ते अंडं खाल्लं, असं लेकाला हसत सांगितलं.

खोटं सांगितलं. शाळेच्या फाटकापाशी बैलगाडी थांबवून तुम्ही एकदा "काय बाई" म्हणाला असतात, तर मला पुरलं असतं. हे पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी हे शेवटचं खोडूनच पाठवलं असतं.