तुझ्या नावाची चिठ्ठी

मोशी

प्रिय वर्षाली,

प्रभू येशूच्या नावात सलाम. तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. एक निळी साडी, अर्धा किलो काजूकतली, आमच्या ह्यांना शर्टपीस. साडीचं लेबल काढायचं राहिलंय, अठराशे पन्नास. राहिलं की ठेवलंस, असं मनात आलंच. खोटं कशाला लिहू? कतली एक खाल्ली, बाकीची शेजारच्या अफरीनच्या मुलींना देऊन टाकली.

फोनवर मी नुसती हं हं करते, म्हणून कागद घेतलाय. सकाळी सहाला कंपनीची चाकणची बस चौकात हॉर्न देते. हे दात घासता घासता दाराशी येतात नि परत आत जातात. याच बसमध्ये समर्थभाऊजी अकरा वर्षं ह्यांच्या शेजारी बसले. आता तुम्ही सांगवीत राहायला गेलात, तिथून त्यांना वेगळी बस, एसीची. तूच सांगितलंस. दोनदा.

मार्चची महिला सभा आठव. सोजराबाईंनी नेहमीसारखा बिस्किटांचा डबा फिरवला. आपली विनंती लिहून टाकायची, दुसरीची उचलायची, महिनाभर तिच्यासाठी प्रार्थना करायची, आणि कुणाची आली ते सांगायचं नाही. मला तुझी आली. ‘समर्थचं नाव कायम कामगारांच्या यादीत यावं.’ माझ्या चिठ्ठीतही हेच होतं गं, फक्त नाव ह्यांचं, ज्योतीरामचं. एकाच लाइनवर, एकाच ठेकेदाराकडे दोघे, आणि जागा एक.

महिनाभर मी रोज गुडघे टेकले. पहिले तीन दिवस तोंडानं भाऊजींचं नाव घेतलं. चौथ्या दिवशी तोंडातून निघालं, प्रभू, त्यांचं नको, ह्यांचं कर. मग रोज तेच. दोन शुक्रवार उपास धरले त्यासाठी. तू माझ्याच ओट्यावर बसून चहा प्यायचीस, म्हणायचीस, अनिता, माझ्यासाठी कोण प्रार्थना करत असेल गं? मी साखर ढवळत राहायची. यादी लागली, भाऊजींचं नाव आलं. ह्यांना महिनाअखेरीला ब्रेक देऊन घरी बसवलं.

डबा धरताना सोजराबाईंनी माझ्या हातातली चिठ्ठी वाचलेली, वर त्यांच्या जिभेला हाड नाही. चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणाल्या, “अगं, अनितानंच उचलली होती तुझी. तिचीच प्रार्थना फळली की!” तू गळ्यात पडून रडलीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, देवाची कृपा.

तेव्हापासून माझी प्रार्थनाच बंद पडली. डोळे मिटले की तुझं नवं स्वयंपाकघर दिसायचं. परवा भाकरी थापताना, हात पिठाचे तसेच, मोठ्यानं बोलून टाकलं. प्रभू, मला तिचं बघवत नाही. तू आम्हाला दिलं नाहीस, मला राग आलाय. तिच्याविरुद्ध मी तुझ्याकडेच कागाळी केली. आतून हे म्हणाले, “कोणाशी भांडतेस गं?” म्हटलं, आकाशातल्या बापाशी. “मग जरा मोठ्यानं भांड, माझंही सांग.” मला हसू आलं, किती दिवसांनी. मत्सर गेला असं समजू नकोस. काल बस दिसली, पुन्हा पोटात दुखलं. तेही त्याला सांगितलं. इतकं ऐकूनही त्यानं मला दाराबाहेर घातलं नाही. ह्यांना काम कधी मिळेल ठाऊक नाही, पण आता मागताना आवाज माझा स्वतःचा असतो, आणि तो ऐकतो एवढी खात्री आहे.

आता खरं कारण. पुढच्या रविवारी उपकारस्तुतीच्या वेळी तू साक्ष देणार, प्रार्थना कशी फळली ते मंडळीला सांगणार, आणि मला शेजारी उभं करणार. पाळकसाहेबांनी माझं नाव लिहूनही घेतलंय. उभी राहिले तर मंडळीसमोर देवाच्या नावानं खोटं होईल. बसून राहिले तर का, हे तुला आधी माझ्याकडून कळायला हवं. तुला मिळालं ते माझ्या प्रार्थनेविरुद्ध मिळालं, वर्षाली. म्हणजे ते निव्वळ त्यानंच दिलं. साक्षीत तेवढंच सांग, माझं नाव गाळ. रागाव, दोन शब्द बोल, पण गप्प राहू नकोस. त्या दिवशी तुझ्या बाकावर बसू की मागे बसू, दोन ओळी उलट टपाली कळव. शनिवारपर्यंत पोस्टमनची वाट बघते.

तुझीच,
अनिता